दोन मॉनिटर नेमके कशासाठी? सोलापुरातील एका कर-सल्ला कार्यालयाचे प्रकरण

हे प्रकरण सोलापुरात नवी पेठेजवळ असलेल्या एका लहान कर-सल्ला कार्यालयाचे आहे. कार्यालय चार टेबलांचे आहे. एका टेबलावर कार्यालयाच्या प्रमुख बसतात, त्यांना सगळे ‘मॅडम’ म्हणतात. दुसऱ्यावर आयुष्य हिशेबाच्या कामात गेलेले ज्येष्ठ लेखापाल बसतात, त्यांना सोलापूरच्या रीतीप्रमाणे सगळे ‘अण्णा’ म्हणतात. उरलेली दोन टेबले दोघी सहायकांची. त्यांतल्या थोरलीला धाकटी ‘अक्का’ म्हणून हाक मारते आणि आता सगळे कार्यालयच तिला त्या नावाने ओळखते. अशिलांमध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतले टॉवेल आणि चादरी विणणारे कारखानदार, चाटी गल्लीतले कापडाचे व्यापारी आणि विद्युत साहित्याचे काही विक्रेते आहेत. मी शहरातल्या अशा लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करतो आणि या कार्यालयाशी माझा संबंध त्याच नात्याने आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मॅडमचा फोन आला. “संगणक फार हळू झालेत. महिनाअखेरीस काम उरकत नाही. चारही नवे घ्यायचे आहेत, दरपत्रक द्या,” असे त्यांनी सांगितले. दरपत्रक देणे सोपे होते, पण ते संगणक तीन-चार वर्षांपूर्वी मीच बसवले होते आणि लेखा-नोंदीच्या कामाला ते अपुरे पडावेत असे काही त्यांत नव्हते. म्हणून दरपत्रकाआधी दोन दिवस टेबलांशेजारी बसून काम पाहण्याची परवानगी मी मागितली. त्या दोन दिवसांत जे दिसले आणि पुढच्या काही महिन्यांत ज्या चुका करत आम्ही ते दुरुस्त केले, त्याची ही नोंद आहे.

ज्यांना वस्तू आणि सेवा कराच्या (जीएसटी) कामाची सवय नाही, त्यांच्यासाठी महिन्याचे वेळापत्रक आधी सांगितले पाहिजे, कारण सगळा ताण त्यातूनच येतो. मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या विक्रीचे विवरण, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचे असते. पुरवठादारांनी भरलेल्या विक्रीच्या विवरणांवरून १४ तारखेला प्रत्येक खरेदीदारासाठी जीएसटीआर-२बी हे पत्रक तयार होते, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेऊन जीएसटीआर-३बी हे विवरण २० तारखेपर्यंत भरावे लागते. जे बिल २बीमध्ये दिसत नाही, त्याच्या कराची वजावट घेता येत नाही. त्यामुळे अशिलाच्या खरेदीवहीतले प्रत्येक बिल २बीशी ताडून पाहण्याचे काम १४ ते २० या दिवसांतच उरकायचे असते. अशील चाळीस असोत वा चारशे, हे दिवस वाढत नाहीत. जानेवारीत तर १४ तारीख बहुधा संक्रांतीला येते आणि त्याच दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा भरलेली असते. भोगीला अक्षता सोहळा आणि संक्रांतीला होमविधी असताना कारखान्यातून हरवलेल्या बिलाची प्रत मागवायची तर फोन उचलायलाही कोणी नसते.

मी बसलो ते नेमके १६ आणि १७ तारखेला, अक्काच्या टेबलाशेजारी. तिच्यापुढे साडेअठरा इंचांचा, १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा (पिक्सेल) एकच मॉनिटर होता. त्यावर चार गोष्टी एकावर एक उघडलेल्या होत्या: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली खरेदीवही, एक्सेलमध्ये उघडलेले २बी, अशिलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली बिलांची पीडीएफ प्रत आणि जीएसटीचे संकेतस्थळ. संगणक कुठेही अडखळत नव्हता, विंडो बदलायला क्षणही लागत नव्हता. वेळ जात होता तो बदलल्यानंतर. अक्का बिल पाहायची, कराची रक्कम मनात धरायची, आल्ट आणि टॅब दाबून एक्सेलवर यायची, तिथे ती ओळ पुन्हा शोधायची, तोवर रकमेचे शेवटचे दोन आकडे डळमळीत झालेले असायचे, म्हणून पुन्हा बिलावर जायची. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. तो एका दमात मनात धरणे कोणालाही शक्य नाही, म्हणून तो तीन-तीन तुकड्यांनी वाहून आणला जात होता. एका बिलात ताडून पाहायच्या गोष्टी मोजल्या तर सात निघतात: क्रमांक, तारीख, जीएसटी क्रमांक, करपात्र रक्कम, केंद्राचा कर, राज्याचा कर आणि एकूण. प्रत्येकीसाठी एकदा जाणे आणि एकदा येणे धरले, तरी एका बिलामागे चौदा वेळा विंडो बदलावी लागते.

मी शेजारी बसलेला पाहून अण्णांनी एक गोष्ट सांगितली, आणि हे प्रकरण मला खऱ्या अर्थाने तिथे उमगले. ते म्हणाले, “आम्ही वह्यांवर काम करायचो तेव्हा रोजकीर्द डावीकडे आणि खतावणी उजवीकडे उघडी ठेवायचो. एकाने आकडा पुकारायचा, दुसऱ्याने लाल पेन्सिलीने टिक मारायची. आता दोन्ही वह्या एकमेकींवर ठेवून ताळा घ्यायला सांगतात.” संगणक हळू आहे असे ज्याला सगळे म्हणत होते, ते याहून वेगळे काही नव्हते. तुलनेच्या कामाला दोन कागद एकाच वेळी नजरेखाली लागतात, आणि लहान स्क्रीनवर ते दोन्ही मावत नसल्यामुळे एक कागद दुसऱ्याखाली जात होता. मधली पोकळी स्मरणशक्तीने भरून काढावी लागत होती.

स्मरणशक्ती त्या जागी कशी चुकते, तेही अण्णांच्याच अनुभवातून दिसले. खरेदीवही आणि २बी यांच्या बेरजांत फरक आला की ते आधी त्या फरकाला नऊने भाग जातो का ते पाहतात. भाग गेला, तर बहुधा कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले आहेत असे ते धरतात. हे गणित पक्के आहे: १८,५४० ऐवजी १८,४५० लिहिले तर फरक ९० येतो, ७२ ऐवजी २७ लिहिले तर ४५ येतो, आणि शेजारचे कोणतेही दोन आकडे उलटले तरी फरक नऊच्या पटीतच राहतो. त्या दोन दिवसांत सापडलेल्या फरकांपैकी बरेच याच जातीचे होते. रक्कम समोर दिसत असताना टंकताना आकडे सहसा उलटत नाहीत. ती मनात धरून एका विंडोतून दुसरीत नेताना मात्र उलटतात. मॅडमना मी तेव्हाच सांगितले की नवे संगणक घेतल्याने यातले काहीही सुटणार नाही.

इथे एक आक्षेप मॅडमनी घेतला आणि तो योग्य होता. हे ताडून पाहणे सॉफ्टवेअर करत नाही का? करते. टॅलीतही २बी जुळवण्याची सोय आहे आणि एक्सेलच्या सूत्रानेही बहुतेक ओळी आपोआप जुळतात. पण ज्या जुळतात त्यांचा प्रश्नच नसतो. माणसाचा वेळ खातात त्या न जुळणाऱ्या. पुरवठादाराने २बीमध्ये बिलाचा क्रमांक आद्याक्षरे, तिरपी रेघ आणि आर्थिक वर्ष यांसह दिलेला असतो आणि आपल्या वहीत नुसते ‘४५’ लिहिलेले असते. टॉवेलच्या कारखान्याने तमिळनाडूतून सूत मागवलेले असते, म्हणजे त्यावर एकच आंतरराज्य कर लागतो, पण नोंद करणाऱ्याने सवयीने केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग केलेले असतात. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, तमिळनाडूचे ३३. बिल आणि नोंद शेजारी-शेजारी असतील तर हा घोळ एका नजरेत सुटतो. एकामागे एक असतील तर कराच्या रकमा तीनदा तपासल्या जातात आणि पहिल्या दोन आकड्यांकडे कोणाचे लक्षही जात नाही.

दोन मॉनिटर लावायचे ठरले, आणि इथून आमच्या चुका सुरू होतात. एका संगणकाला एकाहून अधिक मॉनिटर जोडणे यात नवे काही नाही. विंडोज ९८ पासून ती सोय सर्वसामान्य संगणकांत आहे, आणि आजच्या टेबलावरच्या अनेक संगणकांच्या मागे व्हीजीए आणि एचडीएमआय अशी मॉनिटर जोडायची दोन तोंडे आधीच असतात. म्हणून खर्च न करता माळ्यावर पडलेला एक जुना मॉनिटर अक्काच्या टेबलावर लावून पाहावा, असे मीच सुचवले. तो व्हीजीए केबलने जोडला. केबलची एक पिन वाकलेली होती, त्यामुळे मॉनिटर आपली मापे संगणकाला कळवू शकत नव्हता आणि संगणकाने १०२४ गुणिले ७६८ असे आडाख्याचे माप धरले. रुंद स्क्रीनवर ते माप ताणले गेल्याने अक्षरे आडवी फुगली आणि कडा पुसट झाल्या. केबल बदलून हे सुटले, तरी व्हीजीए हा जुना, ॲनालॉग संकेत असल्याने आकड्यांची धार एचडीएमआयवरच्या शेजारच्या स्क्रीनसारखी आली नाही. दिवसभर ३ आणि ८ यांत फरक करायचा असलेल्या माणसाला अशी स्क्रीन देणे चूक होते, आणि ती चूक माझी होती.

दुसरी चूक मांडणीची होती. अक्काचा मूळ मॉनिटर तिच्या समोर मधोमध राहिला आणि नवा त्याच्या डावीकडे सरळ रेषेत ठेवला गेला. आठवडाभराने तिने सांगितले, “सर, संध्याकाळी मान दुखते. उजव्या बाजूला.” कारण साधे होते. बिल डावीकडच्या स्क्रीनवर आणि नोंद समोरच्या स्क्रीनवर, म्हणजे दर काही सेकंदांनी मान एकाच दिशेला वळत होती. रुंद मॉनिटर सरळ रेषेत लावले की हे किती वाढते, याचा हिशेब पुढे मी कागदावर मांडला. २४ इंचांचा मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो. डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर एक अगदी समोर आणि दुसरा त्याच्या बाजूला सरळ ठेवला, तर दुसऱ्याची दूरची कड नजरेच्या मध्यरेषेपासून ५० अंशांहून अधिक बाजूला जाते. दोघांची सांध मधोमध आणली तर दोन्हीकडची कड सुमारे ४० अंशांवर राहते, आणि दोन्ही मॉनिटर आतल्या बाजूला थोडे वळवले की दूरची कड डोळ्यांच्या जवळही येते. दोन्ही स्क्रीन सारख्याच वापरायच्या असतील तर सांध मध्ये हवी. एक मुख्य आणि दुसरी अधूनमधून पाहायची असेल तर मुख्य समोर आणि दुसरी बाजूला वळवून हवी. हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि अक्काचे काम पहिल्या प्रकारचे असताना मी मांडणी दुसऱ्या प्रकारची केली होती.

याच टप्प्यावर मी एक जुना अभ्यास पुन्हा वाचला. मॉनिटर बनवणाऱ्या एनईसी कंपनीच्या अर्थसाहाय्याने युटा विद्यापीठात झालेला हा अभ्यास २००८ मध्ये चर्चेत आला होता. त्यात १८ इंचांच्या एका मॉनिटरच्या तुलनेत २० इंचांचे दोन मॉनिटर वापरणाऱ्यांचे काम ४४ टक्के जलद झाले, तर २४ इंचांचा एकच मॉनिटर वापरणाऱ्यांचे ५२ टक्के जलद झाले. २६ इंचांवर गेल्यावर मात्र लाभ पुन्हा घटला. पैसे मॉनिटर विकणाऱ्याने दिलेले असल्यामुळे त्या टक्क्यांवर मी दुकानदारासारखा बोट ठेवणार नाही. पण त्यातली एक गोष्ट विकणाऱ्याच्या सोयीची नाही आणि म्हणूनच मला विश्वासार्ह वाटते: दोन मॉनिटरपेक्षा पुरेसा मोठा एक मॉनिटर पुढे राहिला. म्हणजे प्रश्न मॉनिटरच्या संख्येचा नाही, हव्या त्या गोष्टी वाचता येतील अशा आकारात एकत्र मावतात की नाही याचा आहे. १३६६ बिंदूंच्या स्क्रीनचे दोन भाग केले तर प्रत्येकाला ६८३ बिंदू येतात, आणि वीसच्या आसपास रकाने असलेले २बी त्यात मावत नाही.

मग प्रत्येक टेबलासमोर एकच प्रश्न ठेवला: इथे काम करणाऱ्याला एकाच वेळी काय-काय दिसले पाहिजे? उत्तरे चार टेबलांची चार निघाली.

अक्काला एकीकडे २बी हवे होते, जे आडवे आहे, आणि दुसरीकडे बिल हवे होते, जे उभे आहे. तिच्यासाठी २४ इंचांचे, १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, एकाच बनावटीचे दोन मॉनिटर घेतले आणि त्यांतला डावा उभा फिरवला. या उभ्या मॉनिटरवर थोडे थांबणे योग्य आहे, कारण या प्रकरणात सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट तीच होती. ए-४ कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो. आडव्या २४ इंची स्क्रीनची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, आणि त्यातून वरच्या-खालच्या पट्ट्या वजा केल्या की पूर्ण बिल खऱ्या आकारात मावत नाही. एकतर बारीक करावे लागते किंवा खाली-वर सरकवावे लागते. बिलावर पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक वर आणि कराची रक्कम तळाशी असते, म्हणजे नेमक्या हव्या त्या दोन गोष्टी सरकवण्याच्या दोन टोकांना. तोच मॉनिटर उभा केला की १०८० बिंदूंच्या पूर्ण रुंदीला ए-४ पान पसरले तरी १९२० पैकी सुमारे १५३० बिंदूंतच ते संपते. पान खऱ्या आकाराहून मोठे, आणि सगळेच्या सगळे. मोबाइलवर वेडेवाकडे फोटो काढून पाठवलेली बिलेही त्यावर वाचता येतात. मात्र खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्या लागल्या. मॉनिटरची बैठक फिरणारी असावी, किंवा टेबलाला लावायच्या भुजेवर (आर्म) बसवण्यासाठी त्याच्या पाठीवर ठरावीक अंतराची, म्हणजे ७५ किंवा १०० मिलिमीटरची चार भोके असावीत. आणि पॅनेल आयपीएस प्रकारचे असावे, कारण स्वस्त टीएन पॅनेल उभे केले की डावीकडून आणि उजवीकडून पाहताना रंग आणि उजेड बदलतो, आणि दोन डोळ्यांना दोन वेगळ्या छटा दिसून त्रास होतो.

एक अडचण मॉनिटरची नव्हतीच. कार्यालयात एक्सेल २०१० होते. त्या आवृत्तीत सगळ्या फायली एकाच बाहेरच्या विंडोत उघडतात, त्यामुळे खरेदीची फाइल एका मॉनिटरवर आणि २बी दुसऱ्यावर ठेवता येत नाही. एक्सेल दुसऱ्यांदा वेगळे सुरू करून त्यातून फाइल उघडता येते, पण मग दोन फायलींमध्ये सूत्र जोडणे अडते. एक्सेल २०१३ पासून प्रत्येक फाइलला स्वतःची विंडो मिळाली आहे. मॉनिटरवर खर्च करून आवृत्ती जुनीच ठेवली असती, तर अर्धा खर्च वाया गेला असता.

अण्णांचे टेबल वेगळे होते. त्यांचा चष्मा दुहेरी काचेचा आहे, जवळचे वाचण्याचा भाग खाली. मॉनिटर पुस्तकांच्या चळतीवर ठेवून ‘डोळ्यांच्या उंचीला’ आणण्याचा जो नियम सगळीकडे सांगितला जातो, तो त्यांच्या बाबतीत उलटा पडत होता: खालच्या काचेतून स्क्रीन दिसावी म्हणून ते दिवसभर हनुवटी वर करून बसत. त्यांचे दोन्ही मॉनिटर मी बैठकीवरून शक्य तितके खाली आणले आणि किंचित मागे कलवले. शिवाय अण्णा नोंदी करत नाहीत, तपासतात. म्हणून त्यांच्या समोर मुख्य मॉनिटर, आणि उजवीकडे वळवलेला दुसरा, ज्यावर मूळ बिल असते. टिक मारण्याची त्यांची सवय जाऊ नये म्हणून एक्सेलमध्ये एक रकाना केवळ टिक मारण्यासाठी ठेवला. पूर्वी पुकारायला एक आणि टिक मारायला एक अशी दोन माणसे लागत. आता ते एकटे तेच काम करतात, आणि यात मला खरे समाधान आहे.

पश्चिमेच्या खिडकीकडे मात्र आधी कोणाचे लक्ष गेले नव्हते. मॉनिटरची रुंदी दुप्पट झाल्यावर अण्णांची उजवी स्क्रीन नेमकी खिडकीसमोर आली, आणि दुपारी तीननंतर सोलापूरचे ऊन त्यावर असे चमकायचे की आकडे दिसेनासे व्हायचे. पडदा लावणे हा अर्धा उपाय होता. शेवटी टेबलच फिरवले, म्हणजे खिडकी पाठीमागे किंवा समोर न राहता बाजूला आली. जोडणी करण्याआधी एकदा तरी दुपारी येऊन खोली पाहावी, हे मी यातून शिकलो.

मॅडमच्या टेबलावर आम्ही चुकलो ते अतिरेकाने. त्यांनी लॅपटॉपशिवाय दोन मॉनिटर मागितले, म्हणजे एकूण तीन स्क्रीन, आणि मी विचारायचा तो प्रश्न न विचारता ते बसवून दिले. तिसऱ्या स्क्रीनवर ठेवायला तुलनेचे काही नव्हतेच. म्हणून तिथे व्हॉट्सॲप आणि ईमेल उघडे राहू लागले. अशिलांचे निरोप सतत येत असत, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात काही हलले की नजर तिकडे जाते, ते कोणाच्याही हातात नसते. विवरण सादर करण्यापूर्वीची अंतिम तपासणी, म्हणजे कार्यालयातले सर्वांत एकाग्रतेचे काम, त्याच टेबलावर होते. दोन महिन्यांनी मॅडमनीच फोन करून सांगितले, “तो तिसरा काढून टाका. मला एकच विवरण चारदा वाचावे लागते आहे.” तो काढला. उरलेल्या एका मोठ्या मॉनिटरवर विवरण, लॅपटॉपच्या स्क्रीनवर टॅलीचा अहवाल, आणि निरोपांची विंडो बंद, अशी त्यांची मांडणी आहे. ज्या महिन्यात दोन अशिलांची कामे आलटून-पालटून करावी लागतात, तेव्हा मॅडम विंडोजमधला दुसरा आभासी डेस्कटॉप, म्हणजे त्याच स्क्रीनवर उघडणारे दुसरे रिकामे टेबल, वापरतात, त्यामुळे एकाची कागदपत्रे दुसऱ्यात मिसळत नाहीत. त्याला मॉनिटर लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

सवयी लावण्याचे काम जोडणीइतकेच महत्त्वाचे ठरले. पहिल्या दिवशी दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसत होते. विंडोज आणि पी ही कळ दाबून ‘एक्स्टेंड’ निवडल्यावर ते सुटले. सेटिंगमध्ये मॉनिटर जसे टेबलावर आहेत तसेच मांडावे लागतात. आडव्या आणि उभ्या मॉनिटरच्या उंचीत फरक असल्याने बाण कडेला अडकायचा, ती चौकट वर-खाली सरकवून कामाच्या भागात सांध जुळवली. विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर नेण्यासाठी विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबणे अक्काने एका दिवसात आत्मसात केले. प्रत्येक गोष्टीची जागा ठरवली: बिल नेहमी डावीकडे, नोंद नेहमी उजवीकडे. आज इथे आणि उद्या तिथे असे झाले की शोधणे पुन्हा सुरू होते. जीएसटीचे संकेतस्थळ पंधरा मिनिटे निष्क्रिय राहिले की आपोआप बाहेर काढते. पूर्वी ते इतर विंडोंखाली गाडले जाऊन तसे व्हायचे, आता त्याला नोंदीच्या मॉनिटरवर कायमची जागा आहे.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. २४ इंचांचा असा मॉनिटर साधारण आठ ते दहा हजार रुपयांत मिळतो, म्हणजे एका नव्या संगणकाच्या किमतीत दोन-तीन टेबलांचे काम होते. विजेचा भार एका मॉनिटरमागे सुमारे वीस वॅट, त्यामुळे असलेल्या यूपीएसवर विशेष फरक पडला नाही.

परिणाम किती झाला, हे टक्क्यांत सांगण्याचा मोह मी टाळतो. दर महिन्याला बिलांची संख्या वेगळी असते आणि टेबलांवर एकाच काळात मॉनिटर, एक्सेलची आवृत्ती आणि मांडणी असे तीन बदल झाले. त्यांतल्या कशाचा किती वाटा, हे वेगळे काढता येणार नाही. जे डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहितो. अक्काचे बिलावरून नोंदीकडे आणि नोंदीवरून बिलाकडे जाणे आता केवळ नजरेचे आहे, हात त्यात गुंतत नाहीत. नऊने भाग जाणारे फरक अण्णांच्या टिपणवहीत क्वचित दिसतात; राहतात ते पुरवठादाराने विवरणच न भरल्याचे, आणि ते कोणत्याही मॉनिटरने सुटणारे नाहीत. १९ आणि २० तारखेला उशिरापर्यंत थांबणे पूर्ण बंद झालेले नाही. पण थांबण्याचे कारण बदलले आहे: आता वाट पाहावी लागते ती अशिलाच्या होकाराची.

चौथ्या, म्हणजे धाकट्या सहायकाच्या टेबलावर मी दुसरा मॉनिटर बसवला नाही, आणि तिला सुरुवातीला त्याचे वाईट वाटले. तिच्याकडे येतात ती लहान दुकानदारांची कागदी बिले, पिशवीत भरून आणलेली. तुलनेची एक बाजू कागदावर असताना दुसरा मॉनिटर काय दाखवणार? तिच्यासाठी कागद उभा धरणारा एक साधा स्टँड आणला, तो मॉनिटरला लागून त्याच उंचीवर ठेवला आणि त्यावर सरकती पट्टी लावली, जिच्यामुळे सध्या कोणती ओळ चालू आहे ते हरवत नाही. टेबलावर आडव्या पडलेल्या बिलाकडे दर वेळी मान खाली घालणे त्याने थांबले. मोठ्या पुरवठादारांची बिले आता ई-इन्व्हॉइसच्या, म्हणजे सरकारी यंत्रणेत नोंदवलेल्या संगणकीय बिलाच्या, रूपात येतात, कारण १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांना व्यापाऱ्यांमधील विक्रीसाठी ती सक्तीची आहे. पण पिशवीतली बिले त्या मर्यादेच्या खूप खालची आहेत आणि ती कागदावरच येत राहतील. त्या टेबलावर आजही एक मॉनिटर आणि एक स्टँड आहे.